हाताला आठवतं

भाद्रपद वद्य नवमीच्या सकाळी कसारा लोकलने आसनगाव सोडलं की माहुलीचे सुळके ढगात अर्धे बुडालेले दिसतात. रुळांच्या दोन्ही अंगांना भात पोटरीला आलेलं असतं, बांधाबांधावर तेरडा फुललेला असतो. पुढचं स्टेशन आटगाव. तिथे उतरून दहा मिनिटं चाललं की एक घर लागतं. या दिवशी त्या घरात एका सवाष्णीला जेवायला बोलावतात, आणि ती ज्या पाटावर बसते तो पाट माझ्या मावशीचा असतो.

पितृपक्षातल्या या तिथीला अविधवा नवमी म्हणतात, काही घरांत अहेव नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचा हा दिवस. सवाष्णीला जेवू घालायचं, खणानारळानं तिची ओटी भरायची, ऐपत असेल तर साडी द्यायची. पुष्कळ घरांत नवरा हयात असेपर्यंतच ही नवमी पाळतात. तिच्याशिवाय घरात वावरणारा तो एक माणूस असेतोवर तिचं पान मांडलं जातं.

मावशी गेल्याला दोन वर्षं होऊन गेली. तिच्या दारात कुणीही आलं, ओळखीचं असो वा नसो, की ती एकच वाक्य म्हणायची : "बसा, आणतेच." काय हवंय ते न विचारताच ती आत वळलेली असायची. मग ताक यायचं, गुळाचा खडा यायचा, नाचणीची भाकरी नि लसणाची चटणी यायची. वेलीवरची पहिली काकडी शेजारी जायची, दुसरी वाडीवर, घराला मिळायची ती तिसरी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती गावातल्या विधवांनाही बोलवायची आणि वाण सगळ्यांना सारखंच द्यायची. पहिल्या वर्षी कुजबुज झाली. नंतरच्या वर्षी आणखी दोघींनी तसंच केलं.

अशी बाई जाते तेव्हा मागे काय उरतं? फोटो उरतो, साड्या उरतात, तिचं नाव घेणारी माणसं उरतात, हे सगळे जाणतात. पण मी दोन वर्षं या प्रश्नाच्या मागे लागले, वाचत गेले, विचारत गेले, आणि जे हाती आलं त्यानं मी थक्क झाले. माझी समजूत होती, आठवण म्हणजे मनातली हवा. आठवणीला चक्क शरीर असतं.

श्राद्धात आई, आजी, पणजी अशी तीन नावं घेतात. तीनच पिढ्या का, याची शास्त्रांत आपली उत्तरं आहेत. मला मात्र त्या तीन नावांपाशी थांबल्यावर जीवशास्त्रातली एक गोष्ट आठवते आणि दर वेळी अंगावर काटा येतो. मुलीचा गर्भ आईच्या पोटात जेमतेम पाच महिन्यांचा असतो, तेव्हाच त्याच्या चिमुकल्या बीजकोशांत ६० ते ७० लाख बीजपेशी तयार झालेल्या असतात. जन्माला येईतो त्यांतल्या १० ते २० लाख उरतात. पुढे आयुष्यभर त्यांतल्याच काही पिकतात, सगळ्या मिळून चारपाचशे. म्हणजे मी ज्या बीजापासून झाले ते माझ्या आईच्या शरीरात तयार झालं तेव्हा माझी आई स्वतः आजीच्या पोटात होती.

आजी त्या दिवसांत आवणाला वाकून भात लावत असेल, विहिरीवरून हंडा आणत असेल. तिच्या पोटात लेक, नि लेकीच्या पोटात मोहरीहून कितीतरी बारीक असा नातीचा अर्धा आरंभ. दोन वर्षांनी त्याच पोटात मावशी वाढली, आणि तिच्याबरोबर तिच्या लेकीचा, माझ्या ताईचा, अर्धा आरंभ. ताई आणि मी मावसबहिणी. पण दोघींची पहिली खोली एकच.

त्या बीजातून आईनं आणखी एक वस्तू दिली. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात, शाळेच्या पुस्तकात ज्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हटलेलं असतं. खाल्लेल्या अन्नातून शरीराला लागणारी बहुतेक ऊर्जा त्यांतच तयार होते. पेशीची चूलच ती. या चुलीचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो : १६,५६९ अक्षरांचा, ३७ जनुकांचा, आणि तो आईकडूनच येतो. वडिलांच्या तंतुकणिका गर्भात टिकत नाहीत. पूर्वी काडेपेटी जपून वापरायच्या दिवसांत एका घरची चूल विझली तर शेजारून खापरावर निखारा आणत. इथे तसाच निखारा पणजीकडून आजीकडे, आजीकडून लेकींकडे आला, कधीच न विझता. माझ्या आईला मिळाला तोच मावशीला मिळाला. म्हणून मावशी गेली त्या दिवशीही तिच्या चुलीतला विस्तव माझ्या अंगात जळत होता, ताईच्या अंगात जळत होता, आणि ताईच्या धाकट्या लेकीच्या अंगातही. मावशीचा मुलगा, माझा दादा, नाशिकला असतो. त्याच्याही अंगात तो आहे. फक्त त्याच्या मुलांकडे तो जाणार नाही, त्यांच्याकडे त्यांच्या आईचा विस्तव आला आहे.

दादाची मात्र एक वेगळीच गोष्ट आहे.

मूल पोटात असताना वार आईचं नि बाळाचं रक्त वेगळं ठेवते, असं आपण शिकतो. ती वेगळं ठेवतेच, पण कुंपण अगदी घट्ट नसतं. बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात जातात, आईच्या काही बाळात येतात. १९९६ साली डायना बियांकी या अमेरिकी डॉक्टर-संशोधिकेच्या गटानं काही बायकांचं रक्त तपासलं. त्यांतल्या एकीच्या रक्तात मुलग्याच्या पेशी सापडल्या, आणि तिचा मुलगा होता २७ वर्षांचा! सत्तावीस वर्षं त्या पेशी आईच्या अंगात नांदत होत्या. पुढे २०१२ साली सिएटलच्या संशोधकांनी ५९ मृत स्त्रियांच्या मेंदूचे नमुने तपासले. त्यांतल्या ३७ जणींच्या मेंदूत पुरुषाचा डीएनए आढळला. तो पोटी वाढलेल्या मुलग्यांकडून आला असण्याचाच संभव सर्वांत मोठा, असं त्यांनी मांडलं. उलट दिशेची वाटही आहे : आईच्या पेशी मोठ्या झालेल्या मुलांच्या रक्तातही सापडल्या आहेत.

दादा मावशीच्या अखेरच्या दिवशी वेळेवर पोचला नाही. घाटात गाडी अडकली. तो सल त्याच्या मनातून जात नाही. मी त्याला हे संशोधन सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी होतो तिथे." मी त्याला म्हटलं, असण्याची पुष्कळ शक्यता आहे, आणि तीही तुझ्यात असण्याची आहे. 'पोटचा गोळा' आपण किती सहज म्हणतो. त्या शब्दांत एवढं शब्दशः खरं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

रक्ताची गोष्ट इथवर. पण मावशी फक्त आई नव्हती. ज्यांच्याशी तिचं रक्ताचं काही नातं नव्हतं अशा कितीतरी माणसांत ती उरली आहे. तिथे ती कशी पोचली?

पावसाची पहिली सर पडून गेली की आटगाव-शहापूरच्या रानात जमिनीतून शेवळं वर येतात. सुरणाच्या कुळातला हा जांभळट-तपकिरी कोंब ठाण्या-कल्याणच्या बाजारात आदिवासी बायका जुड्या बांधून विकायला आणतात. भाजी अशी चवदार की मटण विसरावं. पण नीट केली नाही तर घसा ओरबाडून निघतो, कारण शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते खरोखरच जिभेत, घशात टोचतात. त्यावर तोड अशी : आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि काकडाच्या आंबट फळांच्या रसात भाजी शिजवायची. म्हणूनच शेवळं विकणारीच्या टोपलीत शेजारी काकडांचा छोटा वाटा मांडलेला असतो. कुणा बाईनं हे पहिल्यांदा शोधलं असेल, किती जणींचे घसे त्यापायी सुजले असतील! त्या ज्ञानाचं पुस्तक कुणी लिहिलं नाही. ते आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे आलं.

मावशी लग्न होऊन आटगावला आली तेव्हा तिला शेवळं ठाऊक नव्हती. तिला ती शिकवली ठाकूरवाडीवरच्या एका बाईनं. पहिल्या पावसात मागच्या दाराशी बसून तिनं एकेक शेवळ सोलून दाखवलं, काकडं ठेचून दाखवली. बदल्यात मावशीनं तिला काकडीचं बी दिलं. तेवढ्यावर चाळीस वर्षांची मैत्री उभी राहिली. एकीच्या बाळंतपणात दुसरी रात्रभर जागली. एकीच्या घरी भात कमी पडला तर दुसरीची कणगी उघडली. दोघी एकमेकींना 'बाय' म्हणायच्या.

मावशी गेली त्यानंतरच्या पहिल्या पावसात ताईनं पहाटे मागचं दार उघडलं तर पायरीवर शेवळांची जुडी नि पानात बांधलेली काकडं ठेवलेली होती. ताईनं भाजी केली. माप विचारलं तर तिला सांगता येईना. "हाताला कळतं," म्हणाली.

हाताला कसं कळतं?

१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाच्या मेंदूवर अपस्माराच्या त्रासासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यात त्याच्या मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग मोठ्या प्रमाणात काढला गेला. त्यानंतर त्याला नवी आठवण धरता येईना. सकाळी भेटलेलं माणूस दुपारी अनोळखी. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. हे काम अवघड असतं, कारण आरशात हात उलटा चालतो. पहिल्या दिवशी त्याच्या रेघा पार भरकटल्या. तीन दिवसांत चांदणी सफाईनं येऊ लागली. आपण हे पूर्वी केलं आहे हे त्याला प्रत्येक वेळी सांगावं लागायचं, त्याला काहीच आठवत नसे. पण त्याच्या हाताला आठवत होतं! तेव्हापासून जगाला कळलं की मेंदूत आठवणींची कोठारं अनेक आहेत. प्रसंगांची एक, हाताच्या सवयीची दुसरी. ही दुसरी मेंदूच्या खोल भागांत, लहान मेंदूत मुरलेली असते आणि फार चिवट असते.

मावशी तिच्या लेकीच्या हातात अशी मुरली आहे. नाचणीचं पीठ मळताना तळव्याचा मागचा भाग किती दाबायचा, भाकरी थापताना बोटं किती उघडायची, तव्यावर टाकताना मनगट कुठे वळवायचं, हे ताई कधी 'शिकली' नाही. ती नुसती शेजारी बसून बघत, करत मोठी झाली. तिच्या हातातलं मावशीचं वळण शब्दांतून आलंच नाही, म्हणून ते शब्दांसारखं विसरलंही जाणार नाही.

वासाचंही तसंच. बाकीच्या इंद्रियांचे निरोप मेंदूत थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबून पुढे जातात. वास हा नाका चुकवून थेट भावनेच्या आणि आठवणीच्या घराशी जाऊन भिडतो. ताईनं मावशीची ट्रंक उघडली, जुन्या साड्यांची गोधडी शिवायची म्हणून. कापूर, चुलीचा धूर, खोबरेल यांचा एकत्र वास आला आणि आम्ही दोघी काही क्षण बोलूच शकलो नाही. मन तयार व्हायच्या आत मावशी खोलीत आली होती.

हातावरून मला आणखी एक हात आठवतो. महाराष्ट्रात गावोगावी देवळांच्या आवारात, वेशीपाशी सतीशिळा दिसतात. कोपरात वळलेला एक हात, मनगटात अभंग बांगड्या, वर चंद्र आणि सूर्य. चंद्रसूर्य आहेत तोवर कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. त्या बाईचं नाव बहुतेक दगडावर नसतंच. तिनं किती जणांना जेवू घातलं, कुणाच्या बाळंतपणाला धावली, कोणती गाणी म्हणायची, यातलं काही नाही. नवऱ्याबरोबर जळाली एवढंच दगडानं लक्षात ठेवलं. तो हात पाहिला की मला त्या बाईचं सगळं जगणं परत मागावंसं वाटतं.

ते जगणं बायकांनी स्वतःच दुसरीकडे जपून ठेवलं होतं. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण म्हणतो. समोरासमोर दोघी, एकाच खुंट्याला दोघींचे हात, आणि फिरणाऱ्या दगडाच्या लयीत आईची, भावाची, सखीची, सासुरवासाची ओवी. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती थांबली. तेव्हा हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या दोघा अभ्यासकांनी पुण्याहून १९८०च्या दशकात ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजाराहून अधिक गावं फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. एक लाख! जिचं नाव कुठल्या दगडावर नाही अशा कितीतरी आया आणि मैत्रिणी त्या ओव्यांत नांदताहेत.

बहिणाबाई चौधरींची गोष्ट तर घराघरात माहीत आहे. त्यांना अक्षर येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या म्हणत, आणि मुलगा सोपानदेव नि आप्त पितांबर चौधरी टिपून ठेवत. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मुलानं आईचे शब्द ऐकता ऐकता लिहून ठेवले, एवढ्या साध्या गोष्टीतून हे झालं.

आटगावहून फार लांब नाही, मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांनी 'आजीबाईंची शाळा' सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी साडी नेसून, पाठीला दप्तर लावून शाळेत येऊ लागल्या. आम्हालाही पोथी वाचता आली असती तर, अशी त्यांची हळहळ होती, तीतून ही शाळा उभी राहिली. जन्मभर अमक्याची आई, तमक्याची बायको म्हणून ओळखल्या गेलेल्या बाईनं पाटीवर स्वतःचं नाव लिहायचं, अंगठ्याऐवजी सही करायची. त्या शाळेचा मी विचार करते तेव्हा मला सतीशिळेवरचा हात आठवतो. त्या दगडी हाताला पेन्सिल मिळाली असती तर त्यानं काय काय लिहिलं असतं!

नवमीची पंगत उठली की आटगावच्या त्या घरात एक गोष्ट आपोआप घडते. सगळे ओटीवर बसतात आणि मावशीबद्दल बोलायला लागतात. दादा एक प्रसंग सांगतो, ताई त्यात दुरुस्ती करते, वाडीवरची बाय तिसराच तपशील काढते. पूर्वी मला वाटायचं, हे आपलं मन रमवणं आहे. पण २००० साली करीम नादेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगानं दाखवलं की आठवण वर काढली की ती काही काळ कच्ची होते आणि मेंदूला ती पुन्हा पक्की करून ठेवावी लागते. एकट्यानं उगाळलेली आठवण त्यामुळे हळूहळू आपल्याच मनासारखी होत जाते. चारचौघांत काढली तर दुसऱ्यांचे टाके तिला पडतात. गोधडीसारखंच हे. आमच्या पूर्वजांना हा प्रयोग ठाऊक नव्हता. पण वर्षातून एक दिवस नेमून, जेवू घालून, माणसं एकत्र बसवण्याची शहाणीव त्यांच्यापाशी होती.

यंदा बायनं काकड्या आणल्या होत्या, मावशीनं चाळीस वर्षांपूर्वी दिलेल्या बियाण्याच्या. दर वर्षी एक काकडी वेलीवर पिकू द्यायची, बी राखेत घोळून ठेवायचं, असं करत त्या वेलाचा वंश चालला आहे. मावशीच्या घरचं बी मधल्या एका वर्षी नासलं होतं. ते बायकडून परत आलं. दिलेलं होतं म्हणून ते उरलं होतं.

संध्याकाळी मी निघायच्या तयारीत होते. ताई म्हणाली, गाडीला वेळ आहे, दोन भाकऱ्या बांधून देते. काका, म्हणजे मावशीचे यजमान, ओटीवरच्या झोपाळ्यावर बसले होते, डोळे मिटून. आत परातीत भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला. थप थप थप, मग जरा थांबून परात फिरवल्याची खरखर, मग पुन्हा थप थप. तेच अंतर, तोच ठेका. काकांचा झोपाळा थांबला. डोळे न उघडता त्यांनी आतल्या दिशेनं विचारलं,

"झालं का गं?"

ताई वडिलांना एरवी 'तू' म्हणते. आतून आवाज आला,

"बसा, आणतेच."